रिकाम्या गावातली हजेरी

प्रति,
मेहेरबान विद्याधिकारीसाहेब,
विद्याखाते, संस्थान करंजगड,
मुक्काम करंजगड.

अर्जदार : सौ. अंजना सयाजी जगदाळे, वय २४, शिक्षिका, एकशिक्षकी मराठी शाळा, मौजे पिंपरबन. सध्या राहणार पांढरमाळावरील झोपड्या, मौजे ढालेवाडीची शीव.

विषय : मंजूर झालेली बाळंतपणाची रजा रद्द करून अर्जदार बाईंना सोमवार ता. १२ मार्च रोजी शाळेवर हजर करून घेण्याबाबत.

संदर्भ : (१) आपला रजामंजुरीचा हुकूम, ता. २१ फेब्रुवारी १९४५, पोचला ता. २४. (२) बाईंचा अर्ज, ता. २७ फेब्रुवारी. (३) त्यावर आपले उत्तर, ता. ३ मार्च : "दाखल्यांअभावी विचार करता येत नाही."

महोदय,

१. हा अर्ज अर्जदार बाईंचा असून लिहिणारा दुसरा आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर अक्षर पाहून आपल्या कचेरीत पहिली हरकत तीच निघायची. बाईंचे अक्षर देखणे आहे, तसा शेरा आपल्याच तपासनिसांनी शेरेबुकात मारलेला आहे. गेल्या दोन-तीन दिवसांत त्या तीनदा हा अर्ज लिहायला बसल्या. तिन्ही वेळा 'महोदय'पर्यंत आल्या, स्वल्पविराम दिला, आणि टाक दौतीत तसाच ठेवून बाहेर शाळूच्या धसकटांकडे बघत राहिल्या. चौथ्या वेळी त्यांनी कागद शेजारच्या झोपडीतल्या म्हाताऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "पंत, तुम्ही लिहा. मी सही करते." तो म्हातारा म्हणजे प्रस्तुत लिहिणारा, विष्णुपंत किन्हईकर, याच संस्थानच्या मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी करून घरी बसलेला. अर्ज कसा लिहू नये हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि हा तो तसाच लिहिणार आहे. वयाकडे पाहून चालवून घ्यावे.

२. मागणी आधी सांगतो, म्हणजे साहेबांना शेवटपर्यंत वाचायचा त्रास पडला नाही तरी चालेल. बाईंचे अपत्य ता. १४ फेब्रुवारी रोजी जन्मले आणि त्याच दिवशी वारले. रजा मंजूर झाल्याचा हुकूम त्यानंतर दहाव्या दिवशी हाती पडला. बैल गेला आणि झोपा केला, असे आमच्याकडे म्हणतात. आपल्याकडे काय म्हणतात ते माहीत नाही. हुकमाबरहुकूम बाईंनी २६ तारखेला ढालेवाडीच्या चावडीत शाळेची किल्ली, हजेरीपट आणि शेरेबुक बदली मास्तरांच्या ताब्यात दिले. त्या दिवसापासून दोन महिने त्यांना शाळेच्या आवारात पाय ठेवण्याची मनाई आहे. येत्या सोमवारी गाव भरणार. पावणेचार महिन्यांनी पोरे शाळेत येऊन बसणार. त्या दिवशी बाईंना तिथे असायचे आहे. दुसरे काहीही मागणे नाही.

३. आता हकीकत. कार्तिक सरता सरता पिंपरबनात उंदीर पडू लागले. आधी वाण्याच्या कोठारात, मग चावडीत, मग घराघरांत. चार माणसे गेली, त्यांत शाळेतली दोन पोरे. २० नोव्हेंबरला लालासाहेब पाटलांनी दवंडी दिली आणि सबंध गाव भांडीकुंडी, शेरडे-करडे घेऊन पांढरमाळावर कडब्याच्या झोपड्यांत राहायला आले. वेशीला बाभळीच्या काट्या लावल्या. असे गाव बाहेर पडले की देवाचा कौल मिळून पुन्हा भरेपर्यंत आत कोणी चूल पेटवत नाही, दिवा लावत नाही, ही इकडची रीत आहे. पांढरमाळ निवडला कारण तिथल्या विहिरीला पाणी होते. तो माळ ढालेवाडीच्या शिवेत येतो ही गोष्ट त्या घाईत कोणाच्याही ध्यानात आली नाही. रोगाला शीव कळत नाही. आपल्या खात्याला कळते.

४. बाईंना तेव्हा पाचवा महिना होता. त्यांनी त्याच आठवड्यात आपणांस लिहून विचारले की माळावर चिंचेखाली शाळा भरवू का. उत्तर आले की, सदर माळ दुसऱ्या मौज्याच्या हद्दीत असल्याने पिंपरबनची शाळा तेथे भरवता येत नाही. शाळा बंद ठेवण्याचा हुकूम नसल्याने ती शाळेच्याच जागेवर नेहमीच्या वेळी उघडावी व हजेरी घेण्यात यावी. साहेब, शाळेच्या जागेवर एक मांजरसुद्धा उरलेले नव्हते. पण बाई हुकमाच्या पक्क्या. रोज सकाळी दीड मैल चालत जायच्या, काट्या बाजूला करून वेशीच्या आत शिरायच्या, कुलूप काढायच्या, घड्याळाला किल्ली द्यायच्या आणि त्रेचाळीस नावांची हजेरी घ्यायच्या. मोठ्याने. वारलेल्या दोन पोरांचीही, कारण नाव कमी करायला पालकाचा लेखी अर्ज लागतो आणि त्या आईबापांकडे तो मागायला बाईंची जीभ रेटेना. लिहिणाऱ्याने एकदा म्हटले, अहो बाई, घरी बसून सगळ्यांपुढे गैरहजेरी मांडा, कोण बघतंय? बाई म्हणाल्या, "नाव न घेता गैरहजर कसं मांडायचं, पंत?" अशी हजेरी चौऱ्याहत्तर दिवस झाली. पटावर रोज हजर शून्य. त्यावरही जानेवारीत आपल्या कचेरीतून विचारणा आली, की हजेरी एकाएकी इतकी का घसरली याचा खुलासा करावा.

५. इकडे माळावर पंचांनी एक नियम केला. बाहेर पडलेल्या गावात जो कोणी जाईल त्याने परत आल्यावर दहा दिवस सगळ्यांपासून वेगळे राहावे. त्याच्या झोपडीभोवती राखेची रेघ ओढावी. रेघेच्या आत कोणी जाऊ नये आणि आतल्याने बाहेर येऊ नये. नियम वावगा नव्हता. मागल्या खेपेला याच हलगर्जीपणाने रोग माळावर आला होता. पाटलांनी बाईंना तोंडावर सांगितले, "बाई, तुमी लय भल्या हायसा, पर वेशीत पाय टाकला की धा दिस भायेर. मग त्यो मी असू दे न्हाईतर माजा बा." बाईंनी मान हलवली. पण बाई रोज वेशीत पाय टाकत होत्या, म्हणून दहा दिवस रोज नव्याने मोजायला लागायचे. ते पुरे व्हायचे तर लागोपाठ दहा रविवार यायला हवे होते. शाळेची वाट तेवढी त्यांना मोकळी, बाकी सगळा माळ बंद. पाणी लांबून ओतायचे, भाकरी धोंड्यावर ठेवायची. चार दिवस लोकांना वाईट वाटले, मग सवय झाली. पोटुशी बाई रेघेच्या आत एकटी बसलेली दिसायची आणि माणसे आपापल्या कामाला लागायची.

६. रजेचा अर्ज बाईंनी डिसेंबरातच केला होता. आपण डॉक्टरचा दाखला मागितलात. डॉक्टर प्लेगच्या गावाकडे फिरकेनात, आणि पिंपरबनच्या माणसाला करंजगडच्या नाक्यावरून आत सोडत नव्हते. मध्यंतरी संस्थानचेच सुई टोचणारे माळावर आले. सबंध गावाला प्लेगची सुई दिली आणि बाईंकडे एक नजर टाकून म्हणाले, या पोटुशी आहेत, यांना देता येत नाही. म्हणजे संस्थानच्या एका खात्याला बाई गरोदर असल्याचे दहा हातांवरून दिसले, आणि दुसऱ्या खात्याला महिना-दीड महिना कागदावरून दिसेना. जानेवारीत आपण दाखल्याची अट सोडलीत, ते उपकार. पण मग बदली मास्तर प्लेगच्या गावी रुजू व्हायला तयार होईनात, आणि बदली रुजू झाल्याखेरीज रजा नाही; शेवटी गाव भरेपर्यंत त्यांनी ढालेवाडीच्या चावडीत रुजू व्हायचे ठरले, तेव्हा हुकूम निघाला. पाटणहून बाईंच्या आईचे पत्र यायचे, पहिलटकरीण आहे, रजा मिळाली की लगेच लावून द्या, मी लाडू करून ठेवले आहेत. ती पत्रे प्रस्तुत लिहिणारा रेघेबाहेर उभा राहून वाचून दाखवायचा. घरधनी सयाजी पलटणीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. जूनमध्ये अठ्ठावीस दिवसांच्या सुट्टीवर येऊन गेले ते गेले. सासरी दुसरे कोणी नाही.

७. ता. १४ फेब्रुवारी, बुधवार. आठवा महिना सरत आला होता. बाई शाळेतून परत येताना ओढ्यापाशी त्यांच्या पोटात दुखू लागले. दोनच्या सुमारास त्या झोपडीत आल्या. भामाबाई सुईण, वय साठीच्या आसपास, निम्मे गाव जिच्या हातावर जन्मले ती, धावत आली आणि राखेच्या रेघेपाशी थांबली. नियम सगळ्या गावाने अंगठे उठवून केलेला. पाटील आटपाडीला गेलेले. चार पुरुष जमले आणि आत गेल्यास भामाबाई बाहेर होणार की नाही, झाली तर दिवस भरत आलेल्या इतर दोन बायकांचे काय, याचा खल करत बसले. तेव्हा भामाबाई लिहिणाऱ्याकडे आली. म्हणाली, "पंत, कागदात काय लिवलंय त्ये वाचा. बाळंतिणीला सूट हाय का न्हाई?"

साहेब, तो नियम कागदावर उतरवला होता तो याच लिहिणाऱ्याने. एकतीस वर्षांच्या सवयीने, कलमवार, समासासकट. त्याने चष्मा शोधला, कागद उलगडला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अपवादाचे कलम नव्हते. घालायचे राहून गेले होते. लिहिणारा म्हणाला, कागदात सूट नाही, पाटील येईतो थांब. हे शब्द त्याच्या तोंडून गेले. आपल्या कचेरीला नावे ठेवायला तो बसला आहे खरा, पण साहेब, त्या दिवशी दुपारी कचेरी तोच होता.

भामाबाई रेघेबाहेर उभी राहून ओरडून सांगत राहिली. "बाई, दोरी धरा. गुडघं रोवा. वरडा, लाजू नगासा." बाई ओरडल्या नाहीत. आतून काहीच ऐकू येईना, तेच वाईट होते. उन्हे कलली तशी भामाबाई फिरली, सगळ्या पुरुषांकडे बघून म्हणाली, "खड्ड्यात गेला तुमचा कागद," आणि रेघ तुडवून आत गेली. अपत्य जिवंत जन्मले. एकदा रडले, ते माळावर सगळ्यांनी ऐकले. दिवेलागणीपर्यंत होते. भामाबाईने त्याला फडक्यात गुंडाळून बांधावरच्या बाभळीखाली पुरले. बाईंनी एवढेच विचारले, किती वाजले? कोणाला सांगता आले नाही. घड्याळ शाळेत होते.

८. बाई तेव्हा रडल्या नाहीत आणि अद्याप रडलेल्या नाहीत. बायकांना ते बरे वाटले नाही. दोघीतिघींनी रडवायचा प्रयत्नही करून पाहिला. दूध यायचे ते येतच आहे. पुरुषाने पुरुषाला लिहायची ही गोष्ट नव्हे, पण भामाबाई रोज छातीला फडके घट्ट बांधते आणि बाई हात वर करून उभ्या राहतात, जसे काही दुसऱ्याच कोणाला बांधायचे आहे. सयाजीरावांना पत्र घातलेले नाही. तेही मायन्यापाशीच अडले आहे. भामाबाई नियमाप्रमाणे बाहेर झाली आणि बाईंच्याच झोपडीत राहिली. ती म्हणते ते जसेच्या तसे उतरवतो : "मी दुपारीच आत गेली आस्ती तर लेकरू राह्यलं आस्तं का न्हाई, त्ये देवाला ठावं. पर मी दुपारभर भायेर हुबी हुती, ह्ये मला ठावं हाय."

१५, १६ आणि १७ फेब्रुवारी हे तीन दिवस शाळा उघडली नाही. याचा खुलासा आपण मागितला आहे. खुलासा वरील कलम सात. १९ तारखेला, म्हणजे पाचव्या दिवशी, बाई उठल्या, लुगडे सावरले आणि शाळेला निघाल्या. भामाबाईने हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. भामाबाईने आरडाओरडा केला म्हणून लिहिणारा मागे गेला. वेशीच्या आत गेला, हे येथे कबूल करतो; त्याचे दहा दिवस त्याने भरले आहेत. शाळेच्या दारातून त्याने पाहिले. बाई खुर्चीत बसल्या नव्हत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक नाव घ्यायच्या, एक माणूस हजर म्हणेल एवढा वेळ थांबायच्या, मग पटावर गैरहजेरी मांडायच्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. शेवटच्या नावानंतरही त्या थांबल्या. जरा जास्तच थांबल्या. मग पट मिटला. २४ तारखेला आपला हुकूम आला आणि तेही बंद झाले.

९. आता दाखल्यांविषयी. बाईंनी अपत्य वारल्याचे कळवून रजा परत करण्याचा अर्ज केला. आपण लिहिलेत की, सदर रजा अपत्याच्या संगोपनासाठी असून ती मध्येच परत घेण्याचा प्रघात नाही. अपत्य मयत असल्यास जन्म व मृत्यू असे दोन्ही दाखले जोडावेत. त्यावर लिहिणारा लालासाहेब पाटलांकडे गेला. पाटील भला माणूस, आटपाडीहून आल्यापासून त्याने बाईंच्या झोपडीकडे मान वर करून पाहिलेले नाही. तो म्हणाला, "पंत, माज्या बुकात पिंपरबनात जल्मलेलं लिवायचं. पिंपरबनात त्या दिशी एक माणूस न्हवतं. कसं लिवू?" मग लिहिणारा ढालेवाडीच्या पाटलाकडे गेला. त्याने सांगितले, मयत आमच्या शिवेत झाले हे खरे, पण आईबाप पिंपरबनचे आणि जन्माची नोंद नाही. जे जन्मलेच नाही ते मेले असे मी कोणत्या तोंडाने लिहू? पिंपरबनची शाळा जिथे भरू शकत नाही तिथे पिंपरबनचे मूल जन्मूही शकत नाही, हा दोन्हीकडचा कायदा एकच आहे. लिहिणाऱ्याने उभ्या जन्मात असले पुष्कळ कागद स्वतःच्या हाताने परत पाठवले आहेत. समोर उभ्या असलेल्या माणसाचे तोंड कसे होत असेल हे त्याने वर मान करून कधी पाहिले नव्हते.

१०. तरी विनंती अशी. अपत्य जन्मले असे खाते मानत असेल, तर ते वारल्याचेही मानावे. कारण ज्या माळाने त्याचे रडणे ऐकले त्याच माळाने ते थांबल्याचेही ऐकले आहे. अपत्य जन्मलेच नाही असे खाते मानत असेल, तर बाळंतपण झाले नाही, संगोपनाचा प्रश्न नाही, आणि ही रजा चुकून दिली गेली असे समजून ती काढून घ्यावी. दोहोंतून कोणतीही वाट धरली तरी ती शाळेच्या दाराशी येते. बदली मास्तर गाव भरल्यावर यायला राजी आहेत, त्यांना कोठेही चांगली शाळा द्यावी. सोमवारी एक्केचाळीस पोरे येणार आहेत. बाईंनी पंधरा दिवसांत आपणहून एकच वाक्य बोलून दाखवले, तेवढेच कारण म्हणून लिहितो : "नाव घेतलं की कुणीतरी 'हजर' म्हणावं, पंत. एवढं ऐकायचंय."

सोमवारला पाच दिवस आहेत. सरकारी काम नि सहा महिने थांब ही म्हण आपण सर्वांनी मिळून खरी केलेली आहे. या एका खेपेस ती खोटी पडावी. कोठे कमीजास्त लिहिले गेले असल्यास दोष लिहिणाऱ्याकडे, बाईंकडे नाही.

शाळेच्या दाराशी थांबलेली, आपल्या खात्याची नोकर,

(सही) सौ. अंजना सयाजी जगदाळे

मुक्काम पांढरमाळ, ता. ७ माहे मार्च सन १९४५, बुधवार.

हस्ताक्षर विष्णु नारायण किन्हईकर, निवृत्त कारकून.

सोबत :
१. हजेरीची नक्कल, चौऱ्याहत्तर दिवस, ता. १९ ते २४ फेब्रुवारी धरून.
२. पंचांच्या नियमाचा मूळ कागद, प्रस्तुत लिहिणाऱ्याच्या अक्षरात.
३. भामाबाई सुईण हिचा जबाब, अंगठ्यासह.
४. जन्माचा दाखला : जोडलेला नाही.
५. मृत्यूचा दाखला : जोडलेला नाही.

ता. क. (अर्जदार बाईंच्या अक्षरात) : पंतांनी अर्ज वाचून दाखवला. मजकूर बरोबर आहे. फक्त सगळीकडे अपत्य असे लिहिले गेले आहे. मुलगी होती.